तांब्यावरची वाटी

एकाग्रता हा विजेत्याचा पहिला आणि शेवटचा गुण होय. हे वाक्य माझं नाही. लातूरच्या बस स्टँडसमोर एका कोचिंग क्लासचा भला मोठा फलक बरीच वर्षं होता, त्यावर ते लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. खाली दोन मोटारसायकलस्वारांचा फोटो. दोघेही शर्यतीच्या रेषेवर, डोक्याला हेल्मेट, हात हँडलवर, आणि दोघांच्याही माना एकाच बाजूला वळलेल्या. ते कुठंतरी इतकं रोखून बघत होते की पोरांना अॅडमिशनसाठी घेऊन आलेले बाप फलकाखाली थांबायचे आणि म्हणायचे, "बघ. असं ध्यान पाहिजे." ते दोघे काय बघत होते हे मला ठाऊक आहे, कारण ते जिकडं बघत होते तिथं मी होतो.

मी मूळचा नांदेडचा. लातूरला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. भूकंपानंतरच्या त्या वर्षांत लातुरात दोन धंदे जोरात होते. एक, भिंतींचे तडे बुजवण्याचा आणि दुसरा, क्लासेसचा. पुष्कळदा गवंडी भिंत बुजवून उतरला की त्याच शिडीवर बोर्ड लावणारा चढायचा. सगळ्या महाराष्ट्रातून पोरं यायला लागली होती. ज्या घरमालकांनी भूकंपाच्या भीतीनं वरच्या मजल्यावर झोपणं सोडलं होतं, त्यांनी तो मजला पोरांना भाड्यानं दिला.

गंजगोलाईच्या मागं माझ्या एका मित्राचं गॅरेज होतं. सगळं गाव त्याला उस्ताद म्हणायचं. त्याचे वडील निजामाच्या काळापासून सायकली दुरुस्त करत आलेले. यानं मोटारसायकली सुरू केल्या. गाडी दुरुस्त करून झाली की ती चालवून बघावी लागते, आणि चालवून बघता बघता तो इतका जोरात चालवायला लागला की मैदानावरच्या शर्यतींत उतरला आणि मराठवाडा चॅम्पियन झाला. हा किताब ज्यानं सुरू केला, त्याचंच ढाली आणि चषकांचं दुकान होतं. तरीही उस्ताद खरोखर चांगला चालवायचा, हे माझ्यासारख्या माणसालाही कळायचं. वळणावर सगळे गाडी हळू करायचे तेव्हा हा पाय मातीत घासत मागचं चाक फिरवून घ्यायचा, आणि धूळ खाली बसायच्या आत पुढच्या उडीवर असायचा.

त्याच्या तोडीचा एकच होता. हिमायतनगरकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, नांदेडला राहून गाडी चालवणारा. उंच, मिशा राखलेला, बोलायला कमी. तो रेषेवर सगळ्यात शेवटी यायचा. पंधरा-वीस गाड्या आवाज करत उभ्या, झेंडा धरणारा ताटकळलेला, आणि मग हे साहेब सावकाश येणार. आल्यावर पाय खाली टेकवायचे नाहीत. त्याच्या चुलत भावानं आणि आणखी एका माणसानं गाडी दोन्हीकडून धरायची आणि यानं दोन्ही पाय वर घेऊन, नवरदेव घोड्यावर बसतो तसं बसायचं. उस्तादला या प्रकाराचा भयंकर राग होता.

"पाय टेकवत न्हाई मास्तर," तो म्हणायचा. "जमीन काय आमच्या बापाची हाय म्हणून का? आमच्याकडं बघत बी न्हाई. क्या समझता है अपने को!"

दोघांच्यात कधी एक शब्द बोलणं झालं नव्हतं. पण उस्तादला त्याच्याविषयी सगळं माहीत होतं. तो कुठलं ऑइल टाकतो, टायर कुठून आणतो, शर्यतीच्या सकाळी काय खातो. उलट बाजूनंही तेच. नांदेडला माझ्या घरी गेलो की गल्लीतली पोरं मला विचारायची, "सर, तुमचा उस्ताद सध्या कोनतं गिअर टाकून राहिला?" जणू मी गिअर घेऊनच एसटीत बसलो होतो.

भूकंप झाला त्या सकाळपासून उस्ताद औशाच्या पुढच्या गावांत गाडीवर फिरत होता. ट्रक जात नव्हते तिथं ही गाडी जात होती. आधी पाव आणि बिस्किटं, मग औषधं, मग माणसं. पुढं सैन्याची वाहनं आली तेव्हा तो घरी परतला, न्हाला, आणि दुकान उघडलं. त्याबद्दल तो काही सांगायचा नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. पुढची शर्यत नांदेडला झाली. झेंडा पडला, सगळे सुटले आणि उस्ताद रेषेवर तसाच उभा राहिला. इंजिन चालू, गिअर टाकलेला, हात क्लचवर. लोकांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग हसले. "ए लातूर! गाडीचा हप्ता भरला न्हाई का?" कुणीतरी ओरडलं. त्यानं गाडी बंद केली आणि हातानं ढकलत बाहेर नेली.

सगळ्यांना त्यानं क्लचप्लेट गेली असं सांगितलं. मला गॅरेजात चहा पिता पिता खरं सांगितलं. सगळ्या गाड्या एकदम रेस झाल्या की खालची जमीन हादरते. तेवढं हादरलं की हात सुटत नाही.

मी त्याला फिजिक्स सांगितलं. इंजिनाची थरथर फ्रेममधून, हँडलमधून अंगात येते, थोडी मातीतून येते, तिचा भूकंपाशी काही संबंध नसतो. मी जमिनीवर खडूनं आकृतीही काढली. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला म्हायत हाय मास्तर," तो म्हणाला. "पायाला कोण सांगनार?" मग तो कपाचा तळ बघत म्हणाला, "पुढल्या टायमाला बी असाच उभा ऱ्हायलो ना, तर गाडी इकून टाकनार. मग नुसते लोकांचे कार्बोरेटर साफ करनार. हे तुमालाच सांगून राहिलो."

एवढंच पणाला लागलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला ते फार वाटणार नाही. चषक कुणाला हा प्रश्न नव्हता. रेषेवरून सुटायचं, इतकंच.

बाकी जगाला मात्र चषकच दिसत होता. मुख्यतः एका क्लासच्या संचालकांना. या गृहस्थांच्या केबिनमध्ये टेबलाच्या काचेखाली सगळे टॉपर होते. पाहुण्यांनी चहाचा कप ठेवला की एखादा टॉपर झाकायचा. नांदेडच्या एका क्लासनं त्या हिमायतनगरवाल्याला अंगावर नाव छापलेला शर्ट दिल्याचं कळताच यांनी उस्तादला बोलावलं. टॉपरांची पळवापळवी चालायचीच. आता चॅम्पियनही त्यात आले. उस्तादनं सोबत म्हणून मला नेलं.

"तुमच्या मित्राचा प्रॉब्लेम मेंटल आहे सर," संचालक मला म्हणाले, उस्ताद समोर बसलेला असताना. "प्रेशर हँडल होत नाही. आपल्याकडे त्याला उपाय आहे."

"कोणता?"

"टेस्ट सिरीज."

त्यांनी ती खरंच लावली. दर रविवारी सराव शर्यत, सोमवारी क्लासच्या नोटीस बोर्डावर निकाल. त्या बोर्डावर बायोलॉजीत दुसऱ्या आलेल्या मुलीच्या खाली उस्तादचा नंबर असायचा. पोरं यायची, बोट लावून वाचायची आणि हळहळायची, "उस्ताद चौथे आलेत." या उपायानं उस्तादची झोप गेली. घरी असताना तो ट्रक गेला तरी उठून अंगणात यायचा, आणि रविवारी रेषेवर कधी सुटायचा, कधी उशिरा सुटायचा. संचालकांनी निदान केलं की रिव्हिजन कमी पडते आहे.

वाटीची कल्पना उस्तादचीच. भूकंपानंतर आमच्याकडं घरोघरी ती पद्धत पडली होती: उशाशी तांब्या पालथा ठेवायचा आणि त्याच्या बुडावर वाटी. जमीन जरा हलली की वाटी पडणार, आवाज होणार, आणि माणसांनी उठून बाहेर पळायचं. शहाण्यासुरत्या घरांतही ती असायची. आमच्याकडं सुद्धा होती. मी तिला अवैज्ञानिक म्हणत नसे, कारण ती अवैज्ञानिक नव्हती आणि बायको ऐकत होती.

"घरात अम्मी कशी निजती?" उस्ताद म्हणाला. "घाबरली की वाटीकडं बघती. वाटी वर हाय, मग निजती. तसं मैदानात करू. तुम्ही लांब वाटी घेऊन बसा. मी तुमच्याकडं बघनार. वाटी वर आसंल तर हात करा. म्हंजे जमीन गप हाय, हे नुसत्या गाड्या हायत."

माझी पहिली प्रतिक्रिया हसण्याची होती. दुसरी अशी, की प्रयोग म्हणून तो निर्दोष आहे. गाड्यांच्या थरथरीनं वाटी पडू नये इतकं दूर, आणि रेषेवरून माझा हात दिसावा इतकं जवळ, अशी जागा शोधायची. आम्ही ती शोधली. त्याच्या अम्मीची वाटी कामात होती म्हणून आमच्या घरची आणली. लग्नात आलेल्या सेटमधली, बायकोचं नाव कोरलेली. पुढच्या लातूरच्या शर्यतीत मी पांढरा शर्ट घालून, तांब्यासमोर उकिडवा बसून, झेंडा उचलला गेला तेव्हा हात वर केला. उस्ताद सुटला आणि जिंकला. हिमायतनगरवाला त्याच्या मागोमाग दुसरा आला. शर्यत संपल्यावर हेल्मेट न काढता त्यानं बराच वेळ माझ्या दिशेनं बघितलं.

त्यानंतर नांदेडात बोललं जाऊ लागलं की लातूरकरांनी एक मास्तर ठेवला आहे, तो लांबून मंतर टाकतो. माझ्या सख्ख्या मामांनी मला विचारलं, "फिजिक्समधी हे बी असतंय का?"

मग नांदेडची मोठी शर्यत आली. जिथं उस्ताद उभा राहिला होता, तेच मैदान. दोन्ही क्लासचे मंडप समोरासमोर, दोन्हीकडं कर्णे, दोन्हीकडं गुणवंतांचे सत्कार. प्रमुख पाहुणे दोघांचे वेगळे होते, त्यामुळं भाषणंही दुप्पट. सकाळपासून उस्ताद काही खात नव्हता. येताना जीपमध्ये संचालक त्याला शेवटच्या सूचना देत होते, "आधी सोपं सोडवायचं. अवघड वळण नंतर बघायचं." तो खिडकीबाहेर बघत होता. उतरताना त्यानं मला एवढंच विचारलं, "वाटी आनली ना?"

पहिल्या वळणाच्या अलीकडं, उतारावर एक लिंबाचं झाड होतं. तिथं मी तांब्या मांडला. गाड्या अजून बंद होत्या. तेवढ्यात शत्रुपक्षाचा तो चुलत भाऊ चहाची कपबशी हातात घेऊन आला आणि न विचारता शेजारी बसला. त्याला माझ्यावर नजर ठेवायला पाठवलं होतं, हे त्यानं लपवलं नाही.

"दादा म्हनले, मास्तर काय करतो ते बघून ये." त्यानं बशीत चहा ओतला, तांब्याकडं बघितलं आणि बशी ओठाला लावायची राहिली. "आँ? ही तर भूकंपाची वाटी हाय."

मी वाटी जरा मधोमध सरकवली.

"आमच्या मायनं बी ठिवली व्हती की. लई दिवस." तो माझ्याकडं, मग रेषेकडं, मग परत वाटीकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर सगळं एकेक करून जुळताना मला दिसत होतं. "म्हंजे तुमचा उस्ताद..."

कपबशी तिथंच ठेवून तो उठला आणि पळत सुटला. मी हाक मारली, पण कर्ण्यात पाहुण्यांचा परिचय चालला होता. खाली मैदानात तो त्याच्या दादाच्या कानाशी लागलेला मला स्पष्ट दिसला. उस्ताद तिथून हाकेच्या अंतरावर, ग्लोव्हज घालत होता. आता एवढंच बाकी होतं की त्या दादानं रेषेवर उस्तादच्या शेजारी यायचं आणि अॅक्सिलरेटर पिळून धरायचा. दुसरं काही करायची गरज नव्हती. नियमातही बसलं असतं.

हिमायतनगरवाल्यानं गाडीला किक मारली आणि तो रेषेकडं गेलाच नाही. सरळ उतार चढून माझ्याकडं आला. तो वाटी उडवायला येतो आहे असं समजून मी तांब्यासमोर आडवा झालो. फिजिक्सच्या प्राध्यापकाला ही मुद्रा शोभत नाही, पण दुसरी सुचली नाही. त्यानं गाडी बरीच अलीकडं थांबवली, बंद केली आणि चालत आला. जवळून तो रेषेवर दिसायचा त्यापेक्षा पुष्कळ लहान वाटत होता.

"पडली न्हाई ना?" त्यानं विचारलं.

"नाही."

तो खाली बसला. वाटीला हात लावला नाही. "माझी बहीण औशाकडं दिल्याली व्हती," तो म्हणाला. मग बराच वेळ ग्लोव्हजचं बटण लावत राहिला. "पाय टेकवला की हादरतंय, सर. म्हनून वर घेतो. ह्यांला धरायला लावतो. लोक म्हनतेत, लई माज हाय."

रेषेवर गाड्या चालू व्हायला लागल्या होत्या. तो उठला.

"मला बी हात दावा," तो म्हणाला, आणि गेला.

हे उस्तादला सांगायला वेळ नव्हता. तो रेषेवर पोचला होता, आणि त्याचा वैरी पहिल्यांदाच कुणाला गाडी न धरायला लावता त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. पाय खाली. उस्तादनं ते बघितलं आणि त्याचे खांदे ताठ झाले. इतक्या लांबून मला ते कळलं, कारण मी तेवढंच बघत होतो. त्याला वाटलं असणार, आज हा काहीतरी नवीन करणार.

झेंडा वर गेला. मी वाटीकडं बघितलं. ती स्थिर होती. मी हात वर करणार, तेवढ्यात आमच्या संचालकांनी शर्यतीच्या शुभारंभासाठी खास आणलेली फटाक्यांची लड माझ्या झाडामागं पेटली. कार्यक्रम पत्रिकेत ती नव्हती. प्रतिस्पर्धी क्लासला कळू नये म्हणून ती गुप्त ठेवलेली होती, ती माझ्यापासूनही. वाटी थरथरली, घसरली, तांब्यावरून पडली आणि उन्हात चमकत उतारावरून घरंगळत निघाली.

झेंडा पडला. सगळे सुटले. ते दोघे उभे राहिले.

धूळ पुढं निघून गेली आणि रेषेवर फक्त दोन गाड्या दिसायला लागल्या तेव्हा मैदान एकदम शांत झालं. मग कर्ण्यातून निवेदकाचा आवाज आला, भारावलेला: "पाहा रसिकहो! हे आहे मानसिक युद्ध! दोन चॅम्पियन, आणि पहिली हालचाल कोण करणार! एकमेकांच्या मनाचा ठाव घेत आहेत!" दोघे एकमेकांकडं बघतही नव्हते. दोघांच्या माना माझ्याकडं वळलेल्या होत्या. फटाके विझले होते, जमीन अगदी गप्प होती, आणि ते त्यांना सांगायला माझ्याकडं वाटी नव्हती. नुसता हात वर केला असता तर चाललं नसतं. दोघांनी ती पडताना बघितली होती. मी गवतात गुडघ्यांवर बसून तिला शोधायला लागलो.

"सर! उठा की!" चुलत भाऊ धापा टाकत परत आला होता. त्यानं आपल्या बशीतला चहा फेकून दिला, बशी शर्टच्या टोकानं पुसली, आणि दोन्ही हातांनी, कळस चढवावा तशी, तांब्यावर ठेवली. बशी डगमगली आणि बसली.

आम्ही दोघांनी हात वर केले.

ते सुटले. पुढचं मी नीट सांगू शकत नाही, कारण धूळ फार होती. सगळ्यांच्या मागून निघालेले ते दोघे एकमेकांच्या चाकाला चाक लावून एकेकाला मागं टाकत होते आणि आता दोघांनाही बाकीच्यांशी काही घेणंदेणं नव्हतं. पाचवा आणि सहावा नंबर आला. त्यातला पाचवा कुणाचा यावरून त्यांचं पुढं कायम भांडण राहिलं. पहिला आला मुदखेडकडचा एक दूधवाला. त्याच्या गाडीला कॅन अडकवायचे हुक तसेच होते. सत्कारात त्याला यशाचं रहस्य विचारलं. "पुढं कुनीच नव्हतं," तो म्हणाला.

उस्तादनं गाडी विकली नाही. रेषेवर त्या दिवशी काय झालं, हे त्यानं मला परतीच्या वाटेवर सांगितलं. धूळ निघून गेल्यावर शेजारच्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं होतं.

"पडली का?"

"पडली."

"मंग थांबायचं का?"

"थांबू."

एवढंच. जीपमध्ये संचालक पुढच्या सीटवर बसून होते. पाचव्या-सहाव्या नंबरचं काय करायचं हा त्यांच्यापुढं प्रश्न होता. तो त्यांच्या फोटोग्राफरनं सोडवला. त्यानं नेमका त्याच क्षणी फोटो काढला होता, बाकी सगळे गेल्यावर उभ्या राहिलेल्या दोघांचा. एका महिन्यात तो बस स्टँडसमोर लागला आणि त्याच्या वर लाल अक्षरांत एकाग्रता आली. नांदेडच्या क्लासनंही तोच फोटो लावला. दोघांनीही त्यातला आपला चॅम्पियन कोणता, हे बाण काढून दाखवलं होतं.

फोटोच्या कडेला, ते दोघे जिकडं बघत आहेत तिकडं, झाडाखाली एक पांढरा ठिपका आहे. बऱ्याच जणांना ती शेळी वाटते. तो मी आहे. वाटी काही सापडली नाही; आमच्या घरी त्या सेटमधल्या आता पाच आहेत.